गेलेले पत्ते

माझं माहेर कळवणचं. वडील शिक्षक होते, आणि आमच्या घरात पत्ते म्हणजे पारावर बसून दिवस घालवणाऱ्यांचं काम समजलं जायचं. त्यामुळे लग्न होऊन नाशिक रोडला आले आणि पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी विचारलं, "पत्ते येतात का गं तुला?" तेव्हा मी घाईघाईने नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर माहेरचं नाव गेलं असतं असं वाटलं मला.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "कोरी पाटी आहे. रमी येणाऱ्या माणसाला पोकर शिकवणं फार अवघड."

सासऱ्यांना घरात सगळेच अण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागले. देवळाली कॅम्पात लष्कराच्या भांडारात ते स्टोअरकीपर होते, आणि माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. सासूबाई त्याच्याही आधी गेलेल्या. पोकर त्यांना कॅम्पातल्या कुणा साहेबाने तरुणपणी शिकवलं होतं. त्यांच्याबरोबर त्याच भांडारात काम केलेले एक काका लॅम रोडला राहायचे. ते दुपारी सायकलवरून यायचे आणि दोघं जण पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून खेळायचे. दोघांत या खेळाला मजा येत नाही, तिसरा लागतो. तो तिसरा म्हणून अण्णांनी मला बसवलं.

मी सकाळच्या सत्रातल्या शाळेत गणित शिकवायचे. घरी येऊन जेवणं, आवराआवर झाली की दुपार मोकळी असायची. पुढे मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, तरी तिची रिक्षा दारात येईपर्यंतची दुपार आमचीच राहिली. पैसे लावायचे नाहीत हा अण्णांचा नियम होता. आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. एका जुन्या बरणीत चिंचोके भरलेले असायचे, आणि डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाला सारखे वाटून मिळायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, आमच्याकडे तीन पत्ती चालते. मी कधी खुलासा केला नाही. सासरा आणि सून समोरासमोर बसून पत्ते खेळतात हेच त्यांच्या पचनी पडत नव्हतं, पुढचं काय सांगणार!

आमच्या खेळात प्रत्येकाला सात पत्ते मिळायचे. तीन झाकलेले, फक्त स्वतःला दिसणारे, आणि चार सगळ्यांसमोर उघडे मांडलेले. पत्ते एकेक करून येत जातात, दर पत्त्यानंतर चिंचोके लावायचे. राहायचं नसेल त्याने आपले पत्ते पालथे करून मधल्या ढिगात टाकून द्यायचे. शेवटी जे उरतील त्यांच्यात ज्याचे पाच पत्ते भारी, तो सगळे चिंचोके घेणार. नियम एवढेच. पण अण्णांच्या लेखी खरा खेळ त्या ढिगात होता. पालथे पडलेले पत्ते थोड्या वेळापूर्वी उघडे होते, सगळ्यांनी बघितले होते. ज्याला ते आठवतात, त्याला बाकीच्यांकडे काय असू शकत नाही हे कळतं.

"आपले पत्ते कुणीही बघेल," ते म्हणायचे. "गेलेले बघ."

सुरुवातीच्या दिवसांतला एक डाव मला अजून आठवतो. काकांसमोर चार पत्ते उघडे होते, त्यातले तीन बदामचे. अण्णांनी मघाशीच पत्ते टाकून दिले होते. माझ्याकडे राणीची जोडी, बाकी काही नाही. काकांनी पुढ्यातले सगळे चिंचोके सरकवले. म्हणजे झाकलेल्यांत आणखी दोन बदाम आहेत, पाच एका रंगाचे झाले, असं ते सांगत होते. तसं असेल तर माझी जोडी कुठल्या कुठे गेली. मी पत्ते टाकायला लागले तेव्हा अण्णांनी हात वर केला.

"बदाम एकूण किती?"

"तेरा."

"त्याच्यासमोर किती?"

"तीन."

"तुझ्या हातात?"

मी मोजले. तीन.

"मी टाकले त्यात दोन होते, तू बघितले होतेस. आता सांग."

"आठ गेले. पाच उरले."

"ते पाच राहिलेल्या सगळ्या पत्त्यांत विखुरलेत. त्यातले दोन नेमके याच्याकडे असतील?"

"असतील की!" काका ओरडले. "शिकवणी घ्यायची तर फी घे. डाव चालू असताना काय हे!"

मी चिंचोके सरकवले. काकांनी झाकलेले पत्ते उघडले. त्यांत एकही बदाम नव्हता, नुसती पंजीची जोडी होती. अण्णांना झालेला आनंद बघून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. मी बोर्डाच्या परीक्षेत गणितात चांगले मार्क मिळवले तेव्हा ते असेच हसले होते, दात न दाखवता.

पुढची सात-आठ वर्षं आम्ही तिघं असे खेळलो. मी चांगली खेळू लागले, काकांपेक्षा बरी. अण्णांच्या जवळपास मात्र कुणीच नव्हतं. इकडे चहा घेत, पेपरातल्या कांद्याच्या भावावर काकांशी वाद घालत ते खेळायचे, आणि मध्येच म्हणायचे, "तू इस्पिकच्या मागे लागू नकोस. त्याचे सहा गेले." मी मनात मोजायचे, तर खरंच सहा.

मुलगी पहिलीत होती त्या हिवाळ्यातली दुपार. माझ्यासमोर दोन राजे उघडे होते आणि तिसरा माझ्या झाकलेल्या पत्त्यांत होता. काकांसमोर सत्तीची जोडी उघडी होती. मी भारी चाल केली तेव्हा ते म्हणाले, "आपल्याला नाय परवडत," आणि त्यांनी पत्ते पालथे टाकले. दोन्ही सत्त्या ढिगात गेल्या. अण्णा राहिले. शेवटचा पत्ता यायचा होता. मी पुन्हा चाल केली. अण्णांनी दोन बोटं ओठांवर ठेवून विचार केला, आणि चिंचोके लावले.

शेवटचा पत्ता आला, त्यांनी तो उचलून बघितला, आणि हसत सगळे पत्ते उघडे केले. दोन सत्त्या, दोन दश्श्या. तिसरी सत्ती किंवा तिसरी दश्शी आली असती तर माझे तीन राजे हरले असते.

"नाही आलं," ते म्हणाले. "चारातलं एकही येऊ नये!"

चार. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दोन सत्त्या आणि दोन दश्श्या बाहेर आहेत असं धरून त्यांनी चार म्हटलं होतं. पण सत्त्या तर दोन्ही गेल्या होत्या. उरल्या होत्या फक्त दश्श्या. चार पत्त्यांची आशा असेल तर राहावं की टाकावं याचा विचार करता येतो. दोनांवर अण्णा कधी राहिले नव्हते.

"दोनच होते ना, अण्णा?" मी म्हटलं. "काकांकडे दोन सत्त्या होत्या."

अण्णांनी काकांकडे बघितलं. काका चिंचोके बरणीत भरत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"अरे हो," अण्णा म्हणाले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "बोलण्यात लक्ष गेलं."

आम्ही बोलत नव्हतो. ती दुपार शांत होती, लांबून स्टेशनातल्या गाडीची शिट्टी तेवढी ऐकू आली होती.

एक डाव म्हणून सोडून द्यायला हवं होतं. मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. हे मुद्दाम ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण करत होते एवढं खरं. जे पत्ते मी टाकायला हवेत ते धरून ठेवायचे, कारण डाव पुढे जायला हवा, अण्णा कशाची वाट बघतात ते दिसायला हवं. सहज विचारल्यासारखं विचारायचे, "किलवर किती गेले असतील हो?" कधी ते बरोबर सांगायचे. कधी म्हणायचे, "तूच मोज, माझी शिकवणी संपली." आणि कधी ठामपणे चुकीचा आकडा सांगायचे. ठामपणा जास्त भीतीदायक होता. आठवत नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

बाकी सगळं नीट होतं. लाइटचं बिल तेच भरायला जायचे. नातीला पाढे म्हणायला लावायचे, ती चुकली की लगेच थांबवायचे. भांडारातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी रंगवून सांगायचे. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"सत्तरीचा माणूस पत्ता विसरला म्हणून डॉक्टर?"

"पत्ता विसरले असं नाही हो. टाकलेला पत्ता अजून आहे असं त्यांना वाटतं."

"मलाही वाटलं असतं."

"तुम्ही खेळत नाही."

"म्हणूनच. मला तुझ्यासारखा संशय येत नाही कशाचा."

शब्द लागला. पण मी मागे हटले नाही. शाळेतल्या एका बाईंच्या आईचं असंच झालं होतं, आणि लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं असं त्या सारख्या म्हणायच्या. मी रोज थोडं थोडं बोलत राहिले. शेवटी नवऱ्यानेच वेळ घेतली. अण्णांना सांगितलं की साठीनंतर करतात तशी नेहमीची तपासणी आहे.

डॉक्टर कॉलेज रोडला बसायचे, मेंदूचे डॉक्टर. तरुण होते, बोलायला मृदू. त्यांनी अण्णांना तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारले. अण्णांनी सगळं बरोबर सांगितलं. घड्याळ तर इतकं सुबक काढलं की डॉक्टर म्हणाले, "वा!" नवऱ्याचा चेहरा सैल झाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण त्याच्या बसण्यातून मला कळलं.

"इथे तरी काळजीचं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "घरी काही वेगळं जाणवलंय का?"

"नाही," नवरा म्हणाला.

अण्णा पेन खिशाला लावत होते. उठायच्या बेतात होते. मी गप्प बसले असते तर पाच मिनिटांत आम्ही खाली रस्त्यावर असतो, कुठेतरी उसाचा रस प्यायलो असतो.

"मला जाणवलंय," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं. सत्तीचा डाव सांगितला. त्यानंतरचे सांगितले, कुठल्या दिवशी कुठला पत्ता गेला होता आणि अण्णा कशाची वाट बघत होते. पूर्वी ते कसे खेळायचे आणि आता कसे. डॉक्टरांनी आधी नुसतं ऐकलं, मग पॅड ओढून प्रश्न विचारायला लागले. मी उत्तरं देत गेले. खाली बघून बोलत होते. एकदा वर बघितलं तेव्हा अण्णा माझ्याकडेच बघत होते. रागावलेले नव्हते. वर्गात एखादा मुलगा भलतंच उत्तर द्यायला लागला की मी जशी बघते, पुढे काय म्हणतो म्हणून, तसे बघत होते.

डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. पुढच्या महिन्यात स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. सुरुवात आहे, ते म्हणाले, एवढ्या लवकर सहसा कुणी येत नाही. गोळ्या दिल्या. आणि पत्ते खेळणं चालू ठेवा म्हणाले, त्यासारखा व्यायाम नाही.

पण आमच्या घरातले पत्ते त्याआधीच थांबले होते. पहिल्या तपासणीहून आलो त्याच संध्याकाळी. नवरा भाजी आणायला गेला होता, मी स्वयंपाकघरात होते. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"मला वाटायचं, तुला खेळ आवडतो."

"आवडतो, अण्णा."

"गेल्या पंधरवड्यात माझ्यासमोर दोन एक्के उघडे होते. तुझ्याकडे गुलामाची जोडी. तू शेवटपर्यंत राहिलीस. आठवतं?"

आठवत होतं. तिसरा एक्का काकांच्या पत्त्यांबरोबर ढिगात गेला होता, आणि अण्णा अजून त्याची वाट बघतात का हे मला बघायचं होतं.

"गुलामाच्या जोडीवर तू अशी राहत नाहीस. मीच शिकवलंय तुला. मला वाटलं, म्हाताऱ्याला जिंकू द्यावं म्हणून राहते. वाईट वाटलं होतं मला. म्हटलं, चला, दया तर दया." ते थोडे थांबले. "ते बरं होतं. तू खेळतच नव्हतीस. तपासत होतीस."

माझ्या हाताला कणीक लागलेली होती, ती मी नळाखाली धुवत राहिले. तुमच्या भल्यासाठी केलं असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी मला दिलेली एकच विद्या मी त्यांच्यावरच चालवली होती, आणि तीसुद्धा त्यांच्या सतरंजीवर बसून, त्यांनी वाटलेले पत्ते हातात घेऊन. भल्यासाठी म्हटल्याने त्यातलं काही कमी होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले तेव्हा अण्णा चपला घालून तयार होते. "आजपासून तुझ्याकडे," ते काकांना म्हणाले. मला त्यांनी काही सांगितलं नाही. काकांकडे त्यांचा भाचा तिसरा म्हणून बसायला लागला.

एकट्याने रिक्षात बसू द्यायला मला धीर होईना, म्हणून मी रोज त्यांना लॅम रोडला सोडायचे आणि परत आणायला जायचे. ते माझ्याशी नीट बोलायचे. भाजीला मीठ कमी आहे म्हणायचे, नातीच्या फीची चौकशी करायचे. पत्त्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

एकदा आणायला गेले तेव्हा अण्णा आत हात धुवायला गेलेले होते आणि काका ओट्यावर एकटेच होते. मी त्यांना विचारलं, "काका, तुमच्या कधीच लक्षात आलं नव्हतं?"

काका बराच वेळ चिंचोके चाळत राहिले.

"लक्षात काय यायचं त्यात. दोन वर्षं झाली."

"दोन?"

"तुला आठवतं का, मी पत्ते टाकताना बोलायला लागलो होतो? 'घ्या, माझी राणी गेली,' 'हे घे, छक्की आन् बदामचा गुलाम गेला.'"

आठवत होतं. मला ते म्हातारपणीचं पुटपुटणं वाटायचं, थोडी चिडही यायची. पत्ते टाकताना असं बोलू नये असा आमच्यात नियम होता.

"त्याच्यासाठी बोलायचो. कानावर पडलं की त्याला राहायचं. बघून राहत नव्हतं." काकांनी आपल्या बरणीचं झाकण लावलं. "त्या सत्तीच्या डावाला माझंच चुकलं. सर्दी झाली होती, सत्त्यांचं नावच घेतलं नाय. नाहीतर तुला कळलंच नसतं."

"पण काका, कधीतरी कळायलाच हवं होतं ना? औषध सुरू झालं त्यामुळे."

"हां, ते हाय. तू केलं ते बरोबरच केलं." ते म्हणाले, आणि त्यांना तसं वाटतही असावं. "मला जमलं नसतं, बाई."

घरी येताना रिक्षात अण्णा बाहेर बघत होते आणि मी त्यांच्या कानशिलावरचे पांढरे केस बघत होते. एकाच सतरंजीवर बसून काकांना आणि मला एकच गोष्ट दिसली होती. काका त्यांना पत्ते सांगत होते. मी विचारत होते.

पुढच्या वर्षी काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा मुलगा त्यांना औरंगाबादला घेऊन गेला. अण्णांचा खेळ बंद पडला. ते दुपारी एकटेच पत्ते मांडून बसायचे, मग तेही कमी झालं. गोळ्यांमुळे घसरण हळू झाली होती, पण होत होती. बिल भरायला आता नवरा जायचा. नातीच्या चुकलेल्या पाढ्याला अण्णा मान डोलवायचे.

एका रविवारी दुपारी नवरा बरणी घेऊन पुढच्या खोलीत आला. ज्या माणसाने जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, तो म्हणाला, "अण्णा, मला शिकवा." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. अण्णा म्हणाले, "दोघांत मजा नाही येत." मग त्यांनी हाक मारली. मला.

मी पदराला हात पुसत आले आणि उभीच राहिले. त्यांनी सतरंजीवर माझ्या जागेकडे बोट दाखवलं.

"एक नियम बदलायचा," ते म्हणाले. "गेलेले पत्ते पालथे टाकायचे नाहीत. मध्ये उघडेच ठेवायचे. मला आता आठवत नाहीत." नवऱ्याकडे बघून ते म्हणाले हे, पण ऐकायचं मी होतं. मग माझ्याकडे वळून, "आणि तू नीट खेळायचं."

"हो, अण्णा."

त्यानंतरचे काही महिने दर रविवारी आम्ही असे खेळलो. मी नीट खेळले. टाकायचे ते पत्ते टाकले, ठेवायचे ते ठेवले. नवरा वाईट खेळायचा आणि खूप हसायचा. मला माफ केलं आहे का, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यातला एक डाव मात्र माझ्या मनातून जात नाही. नवऱ्याने पत्ते टाकले होते, ते मध्ये उघडे पडले होते. अण्णांसमोर अठ्ठी, नव्वी, दश्शी आणि गुलाम ओळीने लागले होते. त्यांनी पुढ्यातले सगळे चिंचोके लोटले. झाकलेल्यात एखादी सत्ती किंवा राणी असेल तर ओळीने पाच होत होते, आणि मग माझ्याकडच्या राणीच्या जोडीला काही अर्थ नव्हता. मी मोजलं. दोन राण्या आणि एक सत्ती माझ्या हातात. एक राणी आणि दोन सत्त्या नवऱ्याच्या टाकलेल्यांत, समोर दिसत होत्या. आठातले सहा गेलेले. दोनच उरलेले. हिशेबाने बघितलं तर राहायला हवं होतं.

हिशेब झाला तरी माझा हात उठेना. राहिले आणि ते उघडे पडले, तर? टाकले आणि त्यांना कळलं की मी मुद्दाम टाकले, तर? नवरा म्हणाला, "अगं, चहा गार होतोय." अण्णा माझ्याकडे बघत होते. नीट खेळायचं असं ते म्हणाले होते. मी चिंचोके सरकवले.

त्यांनी झाकलेले तीन पत्ते एकेक करून उलटे केले. राजा, छक्की, पंजी. मग राजा हातात घेऊन जवळ धरला, खिडकीकडे केला.

"राणी होती ना ही?"

आणि ते हसले. दात न दाखवता. नवराही हसला, म्हणाला, "अण्णा, फसवत होता काय तिला!" अण्णांनी पत्ते गोळा करून त्याच्याकडे दिले, "वाट आता," म्हणाले.

ते मला फसवत होते, की राजाला खरंच राणी समजले होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतर कधीच कळलं नाही. फसवत असतील तर मी त्यांच्याशी खरी खेळले. समजले असतील तर मी पुन्हा तेच केलं होतं, सगळ्यांसमोर. कितीतरी दिवस भाकरी थापता थापता मी तो डाव पुन्हा मांडत असे. ते हसणं कुठल्या प्रकारचं होतं हे ठरवायचा प्रयत्न करत असे.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना पत्ते हातात धरून ठेवणं जमेनासं झालं. ते लाल आणि काळे वेगळे करत बसायचे, मग तेही नाही. आणखी तीन वर्षं ते आमच्यात होते. शेवटपर्यंत घरातच होते, आणि शेवटचे काही महिने सोडले तर आम्हाला ओळखत होते. डॉक्टर म्हणायचे, लवकर सुरू केलं त्याचा फायदा झाला.

तेराव्याला सगळे नातेवाईक जमले होते. माझी चुलत नणंद सगळ्यांना सांगत होती, "हिच्यामुळे अण्णांना एवढी वर्षं मिळाली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, हिने ओळखलं." बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. एक म्हणाली, "सून असावी तर अशी." औरंगाबादहून काका आले होते, काठी घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांनीही मान हलवली, "खरं हाय," म्हणाले. मला कुठे बघावं कळेना. कुणाला आणखी भात हवा का विचारते असं म्हणून मी आत गेले. गॅसपाशी उभी राहिले. भात भरपूर होता, तरी बराच वेळ बाहेर आले नाही.